बिनचहाचा सूर्योदय

इथे परदेशात, अर्विंग शहरातल्या आमच्या ग्रुपबरोबर एक काका दरवर्षी वाळवंटात कॅम्पिंगला यायचे. "चहाशिवाय सूर्य उगवत नाही," असं बजावत चहाचं पातेलं कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

एका संध्याकाळी गाडी बंद पडलेला एक अनोळखी मजूर चालत आमच्या तंबूपाशी आला. ओठ फुटलेले.

"काका, सकाळच्या चहापुरतंच पाणी उरलंय यार," मित्र कुजबुजला.

"तंबू ठोकला की ते घर. दारी आलेल्याला आधी गूळपाणी."

तहानलेल्याचा हक्क पहिला, हे मी मोर्च्यांत ओरडून सांगितलं होतं. काकांनी नुसता गुळाचा डबा उघडला.

पहाटे ते रिकामा कप हातात धरून त्या पाहुण्याशेजारी बसले होते.

"उगवला की लेकाचा," काका म्हणाले.

अजूनही चहा उकळताना मला तो सूर्योदय आठवतो.