फुलंब्रीचा अनोळखी युजर

आमच्या ऑफिसात किस्से आठवावे लागत नाहीत. एक सांगून संपेपर्यंत दुसरा घडलेला असतो!

आम्ही चिकलठाण्यात एक ॲप बनवतो. तुम्ही कुठं आहात, कुणासोबत आहात हे फोनवरून ओळखून ते आपोआप काहीबाही सुचवतं. ही माहिती क्लाउडवर जाते. ती कुणाची हे कुणालाही कळू नये, हे बघणारी टीम म्हणजे आम्ही. चाचणीसाठी बळीचे बकरेही आम्हीच!

*

पहिल्या रिपोर्टमधून आम्ही सगळ्यांची नावं उडवली. आमच्या बॉस मॅडमनी तो अभिमानानं स्क्रीनवर लावला. "अनोळखी युजर. राहणार फुलंब्री. कामाच्या वेळेत मुक्काम चहाच्या टपरीवर."

सगळ्यांच्या माना एकदम मागं वळल्या. फुलंब्रीहून येणारा आमच्यात एकटा गजानन!

"म्या नाय त्यो!" गजानन म्हणाला. हातात टपरीचाच कप होता.

सर्व्हर सांभाळणाऱ्या सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "नाम छुपाया, गांव खुल्ला छोड दिया मियां!"

*

मग नियम केला. एका ठिकाणी चार-पाच जण असले तरच ते ठिकाण दाखवायचं. एकटा असेल त्याला लपवायचं.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर ओळ आली, "एक युजर लपवला आहे."

"गजानन!" आख्खं ऑफिस ओरडलं.

*

मध्येच ॲपला काही नोंदवण्याआधी माणसाला विचारायला शिकवलं. सलीमभाईंनी ते चाचणीसाठी अम्मींच्या फोनवरही टाकलं होतं. तिथं प्रश्न आला, "आप घर पर हैं?"

अम्मींनी फोनच बंद करून डब्यात ठेवला. "घर में कोई है क्या, ये तो चोर पूछते!"

त्याहून चांगला बग रिपोर्ट आम्हाला आजवर मिळालेला नाही.

*

आणि मग तो रविवार. गजाननला मुलगी बघायला खुलताबादला जायचं होतं. आधीची सोयरीक मोडली तेव्हा ऑफिसनं त्याला चिडवून बेजार केलं होतं. यावेळी बिचारा काकुळतीला आला. "फोटूतच लई आवडलीय मला. मॅडमला कळलं तर सगळ्यांला कळंल!"

एकटा गेला तर 'लपवला' म्हणून दिसणार. म्हणून आम्ही आमचे फोन त्याच्या पिशवीत टाकले. गर्दी दिसली की झालं!

ॲपनं गर्दी बघितली. टीम एका घरात, रविवारी, म्हणजे पार्टी! त्यानं इमानदारीत मॅडमना कळवलं, "तुमची टीम खुलताबादला एकत्र आहे. तुम्हीही जा!" सोबत रस्ताही दाखवला.

आपल्याला बोलावलं नाही म्हणून मॅडम फुगल्या, पण केक घेऊन गेल्या.

तिकडं गजानन पोह्यांची बशी घेऊन, मान खाली घालून बसलेला. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं.

"मी गजाननची बॉस. बाकीची टीम कुठंय?"

तेवढ्यात पिशवीतले सगळे फोन एका सुरात बोलले, "मॅडम पोचल्या!"

गजाननानं बशी बाजूला ठेवली. सगळ्यांसमोर त्यानं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. वडिलांनी मुलीकडं बघितलं.

ती पदरानं डोळे पुसत हसत होती. "बाबा, यांला तर कायच लपवता येत नाय. मला चालतंय!"