दुसऱ्या कंपनीची रॅम

दुष्काळाच्या त्या वर्षांत सिडकोतल्या आमच्या घरी नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडायचं. चव बिघडली अशी कुरकुर केली की वडील म्हणायचे, "पाणी ते पाणी. टाकीत गेलं की एकच व्हतं." शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि पाणी आटत होतं, असले चोचले परवडणार कुणाला?

त्याच उन्हाळ्यात वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घरात हा विषय कुणी काढेना. शेवटी मीच म्हणालो, "बाबा, तुमच्या पाचोडच्या बाजाराच्या गोष्टी कॉम्प्युटरवर बोलून ठेवा. नातवंडांना ऐकता येतील."

कॉम्प्युटर जुना, रेकॉर्डिंग लावलं की अडकायचा. रॅम वाढवायला हवी होती. वडील स्वतःच पैठण गेटच्या बाजारात जाऊन रॅमची एक पट्टी घेऊन आले, तीही वेगळ्याच कंपनीची.

"ही आपल्या पट्टीशी जुळेल का, विचारलं का?"

"रॅम ती रॅम. बसव गुमान."

मी बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला, तेव्हा पैज जिंकल्यासारखे ते माझ्याकडे बघून हसले.

मग रोज सकाळी ते बोलायला बसत. मधूनच पडदा निळा पडून सगळं बंद व्हायचं. पुन्हा चालू केलं की चालायचं. ऐकून बघू या म्हटलं तर म्हणत, "अजून बोलतोय ना मी? मागून ऐका." मग मीही जोर केला नाही.

ऑपरेशन होऊन ते घरी आले. त्यांच्या शेजारी बसून मी फायली उघडल्या. एक उघडेना, दुसरीत नुसती खरखर. दोन पट्ट्यांचं पटलंच नव्हतं आणि साठवलेलं सगळं नासलं होतं. नवी पट्टी काढून फायली पुन्हा लावून बघितल्या. गेलं ते गेलंच. मला त्यांच्यासमोरच रडू कोसळलं. त्यांनी नुसता हात हलवला, असू दे म्हणून.

शेवटच्या फायलीत खरखर मध्येच थांबली आणि त्यांचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "अगं, टँकर आला! पाइप धर, लौकर!" रेकॉर्डिंगच्या त्या सकाळी गोष्ट अर्धी टाकून ते उठले होते.

"आले हो!" म्हणत आई स्वयंपाकघरातून पाइप घेऊन बाहेर धावली. रिकाम्या गल्लीत टँकरची वाट बघत ती उभी राहिली. तिला हाक मारायला वडिलांकडे आवाज नव्हता, आणि मला धीर झाला नाही.