पायातली पट्टी

चार दिवसांची माझी नात ऑपरेशनला निघाली होती. तिचं आतडं अडकलं होतं. मोठे डॉक्टर तिची काचेची पेटी हलवणार, तेवढ्यात एक ठेंगणी सिस्टर आडवी आली.

"सर, थांबा. पायातली पट्टी वाचायचीय."

मी दारातूनच खवळलो. "अगं बाई, पोरीचा जीव जातोय अन् तू वाचत काय बसतीस? आमची नात आम्हाला वळखत नाही व्हय?"

"मग दाखवा बरं आजोबा, या दोन पेट्यांतली तुमची कुठली?"

मी छातीठोक बोट दाखवलं. तिनं पट्टी वाचली. ती दुसऱ्याच कुणाची पोर निघाली! बारसं व्हायच्या आधी पट्टीवर आईचं नाव असतं, अन् दोघींच्या आया सुनीताच. नंबर तेवढा वेगळा.

मला दरदरून घाम फुटला, अन् खरं सांगतो, नाचावंसं वाटलं. एवढा मोठा डॉक्टर, पण सिस्टर वाचेपर्यंत हात बांधून उभा! मायेला दिसतंच असं नाही. पट्टी बघावी लागते.

माझी बायको दवाखान्यातच गेली. तिला सलाईनमधून काय देतात, ते मी कधी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो. त्यांचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण विचारलं नाही, हे सलतं.

नंबर जुळवून आमच्या पोरीची पेटी दारातनं निघाली, तशी मी दांडी धरली. "डॉक्टर, कापणार कुठं?"

ते चिडले नाहीत. दुपटं सारून त्यांनी पोटावरची पेनाची खूण दाखवली. मी वाकून नीट बघितली.

"आता न्या," म्हणालो.