बिलाविना पाडलेली भिंत

माझे थोरले दीर पेशाने मिस्त्री. घरात आम्ही त्यांना दादा म्हणतो. ओल धरलेली भिंत, खचलेली फरशी, गळकं न्हाणीघर, असं काही निघालं की लोक त्यांनाच बोलवायचे. भिंतीवर बोटाची पेरं वाजवून आत काय आहे ते दादा सांगत, आणि सहसा चुकत नसत. लिहिणं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. कामाचा अंदाज जुन्या पाकिटाच्या पाठीवर, आणि बाकी सगळा कारभार तोंडी. "शब्द दिला ना, मग झालं," एवढाच त्यांचा करारनामा. तीस वर्षं ते निभावलं, म्हणून आम्हालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं तळमजल्यावर घर होतं. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढून त्यांना एकच मोठी खोली करायची होती. मुलगी बाळाला घेऊन महिनाभराने येणार, त्याआधी काम उरकायला हवं होतं. दादांनी भिंत वाजवून पाहिली.

"ही नुसती आडभिंत नाही. वरच्या मजल्याचा भार हिच्यावर आहे. इंजिनियरकडून नकाशा करून घ्यावा लागेल, बांधकाम खात्याची परवानगी लागेल. दोन महिने तरी जातील."

"अहो मिस्त्री, आतली भिंत ती! कोण बघायला येतंय? आणि बिलही नको. माझाही कर वाचेल, तुमचाही."

त्या वर्षी दादांच्या हाताला फारसं काम नव्हतं. त्यांनी मान डोलावली. आजवरच्या अनुभवावरून अंदाजाने एक लोखंडी गर्डर वर बसवला, नवा गिलावा केला, रंग दिला. खोली देखणी झाली. पैसे रोख मिळाले, पावती कोणी दिली नाही आणि कोणी मागितलीही नाही.

पाच महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या भिंतीला भेग पडली. आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी. दार चौकटीत अडकायला लागलं. टेबलावर ठेवलेलं दोऱ्याचं रीळ आपोआप घरंगळून खाली पडायचं. बाई एकट्या, मशीनवर पोट. त्यांनी आधी खाली जाऊन विचारलं, तेव्हा बँकवाल्यांनी दार अर्धंच उघडून "इमारत जुनी आहे" म्हणून त्यांना वाटेला लावलं. मग त्यांनी बांधकाम खात्याकडे तक्रार केली.

कोणीतरी ऐकीव नाव सांगितलं, म्हणून चौकशीची नोटीस दादांनाही आली. मी ती त्यांना वाचून दाखवली. जाऊबाईंनी ओळखीचे वकील गाठले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"करार आहे?"

"नाही."

"बिल, पावती, बँकेतून पैसे, काही?"

"काहीच नाही."

"मग तुम्ही त्या घरात पाऊल टाकलं होतं हे सिद्ध कोण करणार? कानावर हात ठेवा. विचारलं तर म्हणा, मला ठाऊक नाही."

परत येताना जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला होता.

चौकशीला मीही त्यांच्याबरोबर गेले होते. लांबट खोली, एक अधिकारी, शेजारी टंकलेखक. बँकवाले कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले होते. ते म्हणाले, "भिंत आधीच्या मालकानेच पाडलेली असणार. मी फक्त रंग दिला. भेगेचं म्हणाल तर या बाईंच्या घरात तीन मशिनी दिवसभर धडधडतात. त्यानेच पडली असेल."

शिवणवाल्या बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. हातात भेगेचे फोटो होते, तारीख घातलेले, एकाखाली एक लावलेले. त्यांनी उठून ते अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

अधिकाऱ्यांनी दादांकडे पाहिलं. "तुम्हाला याबद्दल काही माहिती आहे?"

वकिलांनी टेबलाखालून दादांच्या गुडघ्याला हात लावला. दादा उठून उभे राहिले.

"भिंत मी पाडली साहेब. ती भार पेलणारी आहे हे मला माहीत होतं. परवानगी नव्हती. गर्डर मी अंदाजाने घातला. बाईंच्या मशिनीचा काही संबंध नाही."

टंकलेखकाने नवा कागद चढवला.

"हे लिहून घेतलं जाणार, कळतंय ना?" अधिकारी म्हणाले. "या कामाचे पैसे करात दाखवले होते?"

"नाही."

घरी आल्यावर जाऊबाई भडकल्या. "गप्प बसायला काय लागत होतं? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात!"

दादा पायरीवर बसून बूट काढत होते. "गप्प बसलो असतो तर ती बाई खोटी पडली असती," एवढंच म्हणाले. जाऊबाई आत निघून गेल्या. आठ दिवस दोघांचं बोलणं नव्हतं.

पुढचं सगळं हळूहळू आणि कागदोपत्री आलं. बँकवाल्यांना दंड झाला आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्यावर पडला. दादांचं ठेकेदारीचं नोंदणीपत्र दोन वर्षांसाठी रद्द झालं. प्रकरण कर खात्याकडे गेलं, आणि त्यांनी एकाच कामावर न थांबता मागची तीन वर्षं उघडली. जुन्या गिऱ्हाइकांनी आठवणीवरून सांगितलेले आकडे, वर व्याज, वर दंड. दादांनी टेम्पो आणि सिमेंट कालवायचं मशीन विकलं. माझ्या नवऱ्याने थोडा हातभार लावला, तोही खूप मिनतवारी केल्यावर दादांनी घेतला.

भिंतीची दुरुस्ती दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली. त्याच्या हाताखाली दादा मजुरी न घेता रोज जात. इंजिनियरने दाखवल्याप्रमाणे टेकू लावायचे, नवे खांब उभे करायचे. ज्या खोलीत ते मालकासारखे उभे राहायचे तिथे आता घमेली उचलत होते. बँकवाले समोरून गेले तरी दोघं एकमेकांकडे पाहत नसत.

काम संपल्यावर दादा वर जाऊन दार लागतं का ते पाहून आले. शिवणवाल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं.

"दार लागतं आता," त्या म्हणाल्या. "पण त्या भिंतीला टेकून बसायची मला अजून भीती वाटते, मिस्त्री."

पाणी पिऊन ते खाली उतरले.

दोन वर्षांनी नोंदणी परत मिळाली. आता त्यांचे कागद मी करते. काम काय, माल कोणता, परवानगी कोणी काढायची, पैसे कोणत्या टप्प्यावर, कर किती, बिघडलं तर जबाबदारी कोणाची. दोन पानं होतात. ती पाहून निम्मे लोक "कळवतो" म्हणून जातात आणि कळवत नाहीत. जाऊबाई मला म्हणाल्या, "तुझी दोन पानं आम्हाला उपाशी मारणार गं." पण गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने सही केली, तेव्हा पेन शोधून द्यायला त्याच पुढे झाल्या.