तिचं एक वर्ष

"सांगू नका काका, त्याला शोधू द्या." हे तिचं ठरलेलं. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही. पोरांच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशी खाली लादीवर बसायची.

आमच्या काळाचौकीच्या खोलीत कामाला जाणाऱ्यांची पोरं माझी बायको सांभाळायची. सहा होती. ही मुलगी विद्यापीठात बालमानसशास्त्राचं एम. ए. करत होती. लहान पोरं विचार कसा करतात ते लिहून घ्यायला दर गुरुवारी यायची. मी चौथी नापास. जन्म रे रोडच्या वखारीत लाकडं उचलण्यात गेला. मला वाटायचं, हा कसला अभ्यास, पोरांशी खेळायचं आणि डिग्री घ्यायची.

तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. आधी रंग बघून लावायला सांगायची, मग मध्येच म्हणायची, आता आकार बघून लावा. पोरं गोंधळायची. ती शांतपणे वहीत लिहायची. चार महिन्यांनी परत हेच करून बघायचं, पोरांत आपोआप काय फरक पडतो ते कळेल, असं तिने बायकोला सांगितलं.

मला ते लागलं. माझ्या बायकोच्या हाताखालची पोरं विद्यापीठाच्या कागदावर ढ ठरणार? बायको बाजारात गेली की मी पोरांना घेऊन बसायचो. जुन्या लग्नपत्रिका कापून तसेच पत्ते केले आणि पोरांकडून घोटून घेतलं. तुम्हीही केलं असतं. परीक्षा म्हटली की आपल्याकडे पाठांतर आलंच.

चार महिन्यांनी सगळ्यांनी धडाधड बरोबर लावले. तिचा चेहरा पडला. सगळ्यात धाकटीला तिने विचारलं, तर ती म्हणाली, आजोबांनी शिकवलं. मुलगी रागावली नाही. हे सगळं काम बाद, दुसरीकडे नव्याने करावं लागेल, एक वर्ष वाढेल, एवढंच बोलली. बायको मात्र मला सोडेना. "चौथी पास होऊक नाय तुमी, नि मास्तर झालात?"

मी चुकलो म्हणालो नाही.

तिने दादरची एक बालवाडी धरली, पण आमचा गुरुवार सोडला नाही. त्याच वर्षी बायकोचं दुखणं निघालं. ही येऊन पोरांना घेऊन बसायची, बायको तेवढा वेळ आडवी व्हायची. शेवटी शेवटी बायकोची वेणीही तीच घालायची. मला ते जमायचं नाही.

बायकोच्या तेराव्याला ती आली. डिग्री झाली होती, दुसऱ्या दिवशी विदर्भात नोकरीवर जायचं होतं. मी म्हणालो, "पोरी, तुझं एक वर्ष मी खाल्लं."

"हो काका, खाल्लंत. फार रडले मी तेव्हा." मग म्हणाली, "पण ते वर्ष वाढलं नसतं, तर काकू आजारी पडायच्या आधीच मी गेले असते."

तेरा दिवस जो तो माझं मन राखत होता. तुम्ही काही कमी पडू दिलं नाहीत, म्हणत होता. हिने तेवढं खरं सांगितलं. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो, तो हिच्यासमोर. तिने मला गप्प केलं नाही. माझं होईपर्यंत थांबली, आणि मग जिना उतरून गेली.