पिशवी की शेक

आमच्या नार्नूरकडच्या कापूसवाल्या घरांत बाईला खालचं काहीही दुखणं झालं की एकच इलाज: पिशवी काढून टाका. माझ्या आईची काढली, दोन्ही काकूंची काढली. पोळा झाला की काढायची, म्हणजे वेचणीपर्यंत बाई कामाला उभी राहते. म्हणून ताईच्या अंगावरून रक्त जायला लागलं, तेव्हा भाऊजींनी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका डॉक्टरकडे ऑपरेशनचा दिवसच ठरवून टाकला.

मी त्याआधी तिला तपासायला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. कॅन्सर पिशवीच्या तोंडावरून बाजूला पसरला होता. लहान असता तर कापून काढला असता. आता कापला तरी आत राहणार, आणि मग कापलेल्या पोटावर किरणांचे शेक द्यावे लागणारच. त्यापेक्षा सरळ मशीनचे शेक घ्यावे: पाच आठवडे रोज, सोबत आठवड्याला एक औषधाची सलाईन, शेवटी आतून शेक.

भाऊजींना हे पटेना. एका दिवसाच्या कामाला पाच आठवडे कशाला, म्हणाले, आणि शेकानं बाई जळून जाते. ठरलेल्या सकाळी त्यांनी ताईला दंडाला धरून जीपकडे ओढलं. तिनं दाराची चौकट पकडली, तर तिच्या बोटांवर बुक्की हाणली. माझं डोकंच फिरलं. मी त्यांची गचांडी धरून त्यांना जीपवर आपटलं आणि तोंडावर ठोसे हाणत सुटलो. ओठ फाटला, दात पडला. आमच्यात जावयाचे पाय धुतात, त्याच्यावर हात उगारणं महापाप. मला त्या घटकेला त्यांचा जीव घ्यायचा होता, खोटं कशाला बोलू.

मला ओढून बाजूला केलं ते ताईनं, केस धरून. तिची साडी रक्तानं भिजली होती.

"मी शेक घ्याले जाईन," ती म्हणाली, "पन माह्या दोन पोरी याच्याच घरात राह्यतीन. याच्या मर्जीबिगर मी पाय नाई उचलत. धू त्याचे पाय."

मी परात आणली. भाऊजींनी ती लाथेनं उडवली. मी पुन्हा भरून आणली. त्यांच्याच रक्तानं माखलेल्या हातांनी मी त्यांचे पाय धुतले. बराच वेळ ते नुसते थुंकत राहिले.

"ने," शेवटी म्हणाले. "मेली तं मले तोंड दाखवू नोको."

सगळे शेक झाले. कातडी काळी पडली, जुलाबांनी ताई पार वाळली, आतल्या शेकाच्या दिवशी तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली. पण मागच्या तपासणीत गाठ दिसली नाही. भाऊजी आता गावभर सांगतात, मीच धाडलं होतं तिला. मी ऐकून घेतो. पाय धुतल्याची लाज मला वाटत नाही. त्या सकाळी तिच्या बोटांवर बुक्की बसेपर्यंत मी अंगणात उभा राहून नुसता बघत होतो, त्याची वाटते.