मामा तलावाचा मामा

माझ्या मुलीची नोकरी मला कधी कोणाला धड समजावून सांगता आली नाही. साकोलीत शेजारणीने विचारलं, की मी 'पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगून मोकळी होते. खरं म्हणजे ती व्हिडिओ गेममधल्या माणसांच्या तोंडची वाक्यं लिहायची. लिहायची म्हणते, कारण आता वाक्यं मशीन तयार करतं आणि ती मशीनच्या चुका काढते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी दुसरं काय केलं? तेव्हा हा धंदा घराण्याला शोभणाराच म्हणायचा.

याच नोकरीवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं फाटलं. तीन वर्षांपूर्वी मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी नोकरीची चौकशी केली आणि मी सभ्य शब्द जुळवत होते. तेवढ्यात सानगडीहून खास आलेला माझा भाऊ पोह्यांची बशी हातात धरून म्हणाला, "पोरगी गेम खेळते पुण्याले, अन् कंपनी त्याचा पगार देते. आता अक्कल पोरीले नाही का कंपनीले, ते तुमीच सांगा."

सगळे हसले. पाहुणेही हसले, पोहे संपवून गेले आणि त्यांचा पुन्हा फोन आला नाही. मुलगी म्हणाली, "बरं झालं, मला तो मुलगा आवडलाच नव्हता." ती दुसऱ्या दिवशी विसरलीसुद्धा. मी मात्र विसरले नाही. भावाशी बोलणं टाकलं आणि तीन भाऊबिजा कोरड्या जाऊ दिल्या. राग धरून ठेवण्यात मी हुशार आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे.

पुढे मुलीच्या कंपनीने गावाचा गेम काढायचं ठरवलं. धान रोवायचा, तलावाचं पाणी आपल्या शेतात घ्यायचं, शेजाऱ्याशी भांडायचं, असा एकूण खेळ. गाव आपल्या भंडारा जिल्ह्यातलं असावं, असं मुलीने सुचवलं आणि माहिती म्हणून मशीनला आमच्याकडच्या तलावांचे सरकारी कागद वाचायला दिले. त्या कागदांत ठिकठिकाणी 'मामा तलाव' असं लिहिलेलं असतं. मुळात ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेले. एवढं लांबलचक लिहायचा कंटाळा आला म्हणून कोण्या कारकुनाने दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं उचलली आणि मालगुजाराचा मामा केला. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. मशीनला कोण सांगणार? त्याने कागद वाचले आणि जिल्ह्यातले एवढे तलाव ज्याच्या नावावर आहेत, असा एक जबरदस्त मामाच उभा केला. पांढरंशुभ्र धोतर, पिळदार मिशा, हातात काठी. हा मामा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसतो आणि पाणी मागायला येणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारतो.

मुलीने चूक दाखवून दिली. पण तिच्या साहेबांना मामा इतका आवडला, की ते म्हणाले, चूक राहू दे, मामा काढायचा नाही. मी जन्मभर नोकरी केलेली असल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

मग गावाकडची भाषा तपासायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा मुलीने माझं नाव दिलं. व्हिडिओ कॉलवर साहेबांनी मला गेमचं भविष्य समजावून सांगितलं. यापुढे गेममधली माणसं पाठ केलेलं बोलणार नाहीत. प्रत्येक खेळाडूशी वेगळं बोलतील, त्याचं ऐकून घेतील, त्याला समजून घेतील आणि कधीही चिडणार नाहीत. मी म्हटलं, "असा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे." ते खूश होऊन "एक्झॅक्टली!" म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

एका रविवारी दुपारी जेवण आटोपून मी लॅपटॉप उघडला. खेळणारी म्हणून मला एक नऊवारीतली बाई मिळाली होती. तिला शेताकडे न्यावं, तर ती रोवलेल्या धानातून बूट वाजवत सरळ निघाली. आमच्याकडे असं कोणी चाललं असतं, तर पहिली शिवी रोवणाऱ्या बायांनीच घातली असती. कंपनीने चुका नोंदवायला दिलेल्या तक्त्यात मी ही चूक लिहिली आणि तिला कसंबसं तलावाच्या पाळीवर चढवलं. मामाने मान वळवली, घसा खाकरला आणि म्हणाला, "ये बाई, बस. तुही माय अजून रागावून आहे का?"

आवाज माझ्या भावाचा होता. बोलण्याआधीचं ते खाकरणंसुद्धा त्याचंच. तीन वर्षांनी तो आवाज कानावर आला होता. माय म्हटल्यावर मला आमचीच माय आठवली. ती जाऊन सात वर्षं झाली. मी माइक चालू आहे हे विसरून बोलून गेले, "माय कुठं आहे आता, दादा? तुलेच त माहीत आहे."

"अरे वा! लय छान झालं, बाई," मामा मिशीला पीळ देत म्हणाला. "त मंग पाणी कवा सोडू?"

मला रडू आलं, आणि त्याच वेळी त्या मशीनच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी लॅपटॉप बंद करून मुलीला फोन लावला.

तिने आधी टाळाटाळ केली, मग कबूल केलं. दिवाळीत 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून ती आठ दिवस रोज गेली होती, ती सानगडीलाच. मशीनला खरी बोली ऐकवायला आणि गेममधल्या मामाला आवाज द्यायला तिला खरा माणूस हवा होता, आणि तिचा खरा मामा गावच्या तलावाचं पाणी सोडायचं कामच करतो. शेती, तलाव, पाण्याच्या पाळ्या, सगळ्यावर तो भरभरून बोलला.

"पण रोज सकाळी मी गेले, की आधी तेच विचारायचा," मुलगी म्हणाली. "तुही माय अजून रागावून आहे का? संध्याकाळी निघतानाही तेच. रेकॉर्डिंग चालूच असायचं. एवढ्या वेळा ऐकल्यावर मशीनला वाटलं, आपल्याकडे झाडीपट्टीत नमस्काराऐवजी असंच म्हणायची पद्धत आहे."

"आणि तू काय सांगायचीस त्याला?"

"म्हणायचे, मला नाही माहीत, मामा."

आता हा मामा पुण्यातल्या प्रत्येक तपासनीसाला तेच विचारत होता आणि तक्रारी येत होत्या. एकीने लिहिलं होतं, 'माझ्या घरातली भांडणं या पात्राला कशी कळली? कृपया चौकशी व्हावी.' एकजण म्हणे खेळ अर्धा टाकून आईला फोन करायला बाहेर गेला, तो तासभर परत आला नाही. साहेबांनी निर्णय माझ्यावर सोपवला होता. मंगळवारपर्यंत मला तक्त्यात दोनपैकी एका रकान्यात खूण करायची होती, 'स्थानिक पद्धत' किंवा 'चूक'. चूक म्हटलं, की तो प्रश्न मामाच्या तोंडून कायमचा पुसला जाणार.

हजारो वह्यांवर मी लाल शाई सांडली, पण हात असा कधी अडला नव्हता. स्थानिक पद्धत म्हणावं, तर ते धडधडीत खोटं. आमच्या जिल्ह्यात 'जेवण झालं का' विचारतात, आईचा राग कोणी विचारत नाही. शेवटी मी 'चूक'वर खूण केली. केली आणि बेचैन झाले. माझ्या भावाने आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर न देताच मी तो खोडून टाकला होता. तक्ता पाठवायला अजून एक दिवस होता. सोमवारी सकाळी मी सानगडीची बस धरली.

भाऊ तलावावर आहे, असं वहिनी म्हणाली. तो पाळीवरच सापडला. धोतर नाही, मिशा नाहीत, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि खताच्या कंपनीचं नाव असलेली टोपी. तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाला आमच्याकडे तुडुम म्हणतात, त्यात अडकलेला कचरा काढून तो नुकताच वर आला होता. मला पाहून त्याने हात चड्डीला पुसले.

"काहून आली?"

"तुले उत्तर द्याले."

"म्या कवा विचारलो तुले?"

"मलेच नाही विचारला, दादा. पोरीले विचारला, मशीनले विचारला. आता पुण्यातल्या लोकायले विचारून राहिला, तुमची माय रागावून आहे का म्हणून. अख्ख्या जगाले विचारशील, एक मी सोडून."

त्याला यातलं निम्मं कळलं नसणार. पण निम्मं कळलं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"तुले विचारलो असतो," तो म्हणाला, "त तू सांगितली असती."

मी खाली बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पोह्यांच्या त्या बशीपासून. तो चिडला, उलटून बोलला, दोनदा तावातावाने उठून उभा राहिला, पण गेला नाही.